स्वतः जुळविलेल्या गाडीचा रेडिएटर : निवड, बसवणी व निगा

कुरखेडा तालुक्यांत धानाची शेती मुख्य, आणि धानाच्या शेतीस ओढीचें काम फार. वैशाखांत शेणखत बांध्यांत टाकणें, आषाढांत पऱ्हे व रोवणीचीं माणसें पोंचविणें, मार्गशीर्षांत भारे खळ्यावर आणणें, हीं कामें पूर्वीं बैलबंडीवर होत. अलीकडे बैल कमी झाले आणि नवा ट्रॅक्टर प्रत्येकास झेपत नाहीं. म्हणून कांहीं खटपटी शेतकरी जुन्या जीपच्या सांगाड्यावर मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचें इंजिन चढवून शेतापुरती गाडी जुळवितात. या खटपटीस हंसण्याचें कारण नाहीं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं 'मीरा' नांवाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना १९४९ सालीं स्वतः तयार केला व पुढें कित्येक वर्षें तींत सुधारणा केल्या. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील एका कारागिरानें भंगारांतून जुळविलेली लहानशी गाडी २०२१ सालीं देशभर वाखाणली गेली.

परंतु गाडी जुळविणाऱ्याचें सारें लक्ष इंजिन, गिअर व ब्रेक यांवर असतें. रेडिएटर शेवटीं आठवतो. आणि भंगाराच्या दुकानांत जो मिळेल व गाडीच्या तोंडांत जो मावेल, तो घेतला जातो. याचा परिणाम काय होतो याचें एक उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांसमोर घडलें.

आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्यानें पौष महिन्यांत अशी गाडी तयार केली. इंजिन ट्रॅक्टरचें, ३५ अश्वशक्तीचें. रेडिएटर मात्र एका छोट्या मोटारीचा. पौष व माघ हे दोन महिने गाडी उत्तम चालली. पाण्याचा कांटा कधीं वर गेला नाहीं. वैशाखांत शेणखताची पहिलीच खेप घेऊन ती शेताचा चढ चढत असतां मध्यावरच झांकणाखालून वाफ निघूं लागली. मालकानें घाईनें झांकण उघडलें. उकळतें पाणी उसळून त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मदतीस धांवून आलेल्या गड्यानें तापलेल्या इंजिनांत नाल्याचें गार पाणी ओतलें. त्यासरशीं इंजिनाच्या हेडला तडा गेला. खरिपाच्या तोंडावर मालकाचा हात व गाडी दोन्ही निकामी झालीं आणि त्या वर्षीं त्याची रोवणी मागें पडली. "दोन महिने चाललेली गाडी एकाच दिवशीं कशी उकळली?" हा त्याचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचें उत्तर ज्यास नीट समजलें, त्यास रेडिएटर निवडतां येईल. म्हणून तेथूनच आरंभ करूं.

१. उष्णता किती व ती जाते कोठें

डिझेल जळून जी उष्णता होते, तिचे शंभर भाग धरले तर सुमारे ३५ भाग कामीं येतात, सुमारे ३० ते ३५ भाग धुराड्यावाटे जातात आणि सुमारे २५ भाग इंजिनाभोंवतींच्या पाण्यांत उतरतात. विहिरीवरील पंपाच्या इंजिनास याची चिंता नसते. नवें गार पाणी सतत आंत येतें व तापलेलें पाणी वाहून जातें. धांवत्या गाडीस मात्र तेंच पाणी फिरून फिरून वापरावें लागतें. १८८६ सालच्या कार्ल बेंझ यांच्या पहिल्या मोटारींत पाणी उकळून वाफ होई व मालकास पुन्हां पुन्हां नवें भरावें लागे. १९०१ सालच्या मर्सिडीझ गाडीकरितां विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी केली. तींत सहा मिलिमीटर चौरस तोंडाच्या आठ हजारांहून अधिक नळ्या होत्या व मागें पंखा होता. तेव्हांपासून थोडक्या पाण्यावर मोठें इंजिन चालूं लागलें. रेडिएटर म्हणजे पाण्यांतील उष्णता हवेच्या स्वाधीन करणारी जाळी, एवढें ध्यानांत ठेवावें.

आतां हिशेब करूं. ३५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे २६ किलोवॅट. इंजिन पूर्ण जोर लावीत असतां पाण्यांत सुमारे १८ किलोवॅट उष्णता उतरते. घरांत पाणी तापविण्याचा जो विजेचा रॉड असतो, तो दीड किलोवॅटचा धरल्यास अशा १२ रॉडांइतकी ही उष्णता झाली. ती सारी हवेनें न्यावयाची. आणि एक लिटर पाणी जितकी उष्णता धरतें, तितकी धरण्यास त्याच अंशांनीं तापणारी साडेतीन हजार लिटरांहून अधिक हवा लागते. जाळींतून जातांना हवा २० अंश तापते असें मानलें, तर वरील इंजिनास दर मिनिटास सुमारे ५० घनमीटर हवा लागेल. दहा फूट लांब, रुंद व उंच अशा दोन खोल्यांत मावणाऱ्या हवेहून ही थोडीच कमी. यावरून, पाणी भरपूर असून चालत नाहीं, हवा भरपूर हवी, ही गोष्ट स्पष्ट होते.

२. पौषांत कां चालली व वैशाखांत कां उकळली

रेडिएटर किती उष्णता टाकील, हें पाणी व बाहेरची हवा यांच्या तपमानांतील अंतरावर अवलंबून असतें. पाणी ९० अंशांवर व पौषांतील सकाळची हवा १५ अंशांवर, तर अंतर ७५ अंश. वैशाखांत आपल्या भागांत दुपारीं पारा ४५ अंशांस पोंचतो. तेव्हां अंतर उरतें ४५ अंश. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा असतां पौषांतील शक्तीच्या शेंकडा ६० च काम होतें. पौषांत जो १२ रॉडांची उष्णता जेमतेम टाकीत होता, तो वैशाखांत ७ रॉडांचीच टाकूं शकतो. उरलेली उष्णता पाण्यांत सांचते व पाणी उकळतें. गाडी एका दिवसांत बिघडली नव्हती. ती पहिल्या दिवसापासूनच अपुरी होती, थंडीनें तें झांकून ठेवलें होतें.

दुसरें कारण वेगाचें. छोट्या मोटारीचा रेडिएटर ती मोटार रस्त्यावर वेगानें धांवेल असें धरून केलेला असतो. समोरचा वाराच त्याचें निम्में काम करतो. शेताच्या चढावर गाडी माणसाच्या चालीनें चालते, इंजिन पूर्ण जोर लावतें आणि समोरून वारा मुळींच मिळत नाहीं. कोरचीच्या वाटेवर बेडगांवचा घाट भरल्या गाडीनें चढतांना हाच अनुभव येतो. सपाटीवर शांत असलेला कांटा घाटांत वर सरकूं लागतो. वारा पाठीमागचा असेल तर आणखीच कठीण.

यावरून निवडीचा मुख्य नियम निघतो : रेडिएटर वैशाखांतील दुपार, भरलेली गाडी व चढावरची मंद चाल या तिहींच्या मापानें निवडावा, गाडीच्या तोंडाच्या मापानें निवडूं नये.

३. निवड

(अ) ज्या अश्वशक्तीचें इंजिन, त्याच किंवा किंचित् अधिक अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा रेडिएटर घ्यावा. ट्रॅक्टर हें जन्मतःच मंद चालीचें यंत्र असल्यानें त्याचा रेडिएटर केवळ पंख्याच्या वाऱ्यावर काम भागेल असा योजलेला असतो. आपल्या शेजाऱ्यानें इंजिन ट्रॅक्टरचें घेतलें व त्याचा रेडिएटर भंगारांत सोडला, ही मूळ चूक होय.

(आ) जाळीची जाडी वाढविण्याऐवजीं तिची रुंदी व उंची वाढवावी. जाड जाळींत मागच्या नळ्यांस पुढच्या नळ्यांनीं तापविलेली हवा मिळते आणि पंख्यासही हवा ओढणें जड जातें. पातळ पण पसरट जाळी मंद गाडीस अधिक मानवते.

(इ) नळ्यांमधील पातळ पत्र्यांस कारागीर 'फिन' म्हणतात. त्या दाट असल्या तर नवेपणीं थंडावा चांगला मिळतो. परंतु खळ्यावरील तूस, कोंडा व तणसाचा चुरा त्यांत अडकून राहतो. इंचास आठ ते दहा फिन अशी विरळ जाळी शेतावर उत्तम. मोटारीच्या चौदा-पंधरा फिनांच्या जाळ्या येथें लवकर बुजतात.

(ई) तांबें-पितळेचा रेडिएटर घ्यावा कीं ॲल्युमिनियमचा? ॲल्युमिनियमचा हलका असतो व नवाकोरा असतां कामांत कमी नसतो. पण त्याच्या टाक्या बहुधा प्लॅस्टिकच्या असतात व फुटल्यास दुरुस्ती कठीण. तांब्या-पितळेचा जड व महाग, परंतु डाग देऊन दुरुस्त होतो आणि जाळी बदलून पुन्हां वापरतां येतो. ज्यास रोवणीच्या दिवसांत नव्या मालाकरितां नागपूरची वाट पाहणें परवडत नाहीं, त्यानें तांब्या-पितळेचाच घ्यावा, असें आमचें मत आहे.

(उ) जुना रेडिएटर घेतांना पुढीलप्रमाणें पारख करावी. खालचें तोंड बंद करून वरून पाणी भरावें व एकदम सोडावें. पाणी धो-धो गेलें पाहिजे, रेंगाळल्यास नळ्या चोंदल्या आहेत असें समजावें. फिन बोटानें चोळून पाहाव्या. भुगा झाला तर त्या कुजल्या आहेत. डागांच्या सांध्यावर हिरवट-पांढरी पूड असल्यास तेथें गळती आहे किंवा होणार आहे. शेवटीं तोंडें बंद करून, हलक्या दाबानें हवा भरून पाण्याच्या टाकींत बुडवावा व बुडबुडे पाहावे. हवेचा दाब झांकणावर लिहिलेल्या दाबापेक्षां अधिक होऊं देऊं नये.

(ऊ) झांकण हा रेडिएटरचा स्वतंत्र व महत्त्वाचा भाग आहे. पाण्यावर दाब ठेवल्यास तें उशिरा उकळतें, ०.९ बार दाबाच्या झांकणाखालीं साधें पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाहीं. मात्र जुन्या रेडिएटरवर त्याच्या मापाहून अधिक दाबाचें झांकण लावल्यास सांधे फाटतात.

४. बसवणी

चांगला रेडिएटर वाईट रीतीनें बसविला तर निवडीचे सारे श्रम वाया जातात. पुढील गोष्टी क्रमानें पाहाव्या.

पहिली, जागा. रेडिएटरची वरची टाकी इंजिनांतील पाण्याच्या सर्वांत उंच जागेहून उंच असावी. ती खालीं राहिली तर इंजिनाच्या डोक्यांत हवा कोंडते व तेथें पाणी न पोंचल्यानें हेड तापून वांकतें. सांगाडा ठेंगणा असल्यास निराळी लहान टाकी उंचावर बसवून तींतून पाणी भरण्याची सोय करावी.

दुसरी, आधार. जुळविलेल्या गाडीचा सांगाडा खड्ड्यांत पिळवटतो. रेडिएटर त्यास बोल्टांनीं घट्ट आवळला तर तोही पिळवटून सांध्यांत फाटतो. म्हणून खालीं जाड रबराच्या गाद्या द्याव्या व वरून रबरी वायसर घालून सैलसर धरावा.

तिसरी, पंखा. पंखा इंजिनाच्या बाजूस असून हवा समोरून जाळींतून आंत ओढणारा असावा. पातीं उलटीं बसविलीं तरी हवा त्याच दिशेनें जाते, पण फार कमी. ही चूक डोळ्यांस दिसत नाहीं. इंजिन चालू करून जाळीपुढें कागद धरावा. तो जाळीस चिकटून बसला पाहिजे. कागद धरतांना हात पंख्यापासून दूर राहील याची काळजी घ्यावी.

चौथी, पंख्याभोंवतींचें पत्र्याचें कडें. शेजाऱ्याच्या गाडींत हें नव्हतें, आणि रेडिएटर पंख्यापासून वीतभर दूर होता. परिणामीं पंखा जाळींतील हवा ओढण्याऐवजीं बाजूची व इंजिनाचीच तापलेली हवा घुसळीत बसे. जाळीच्या चारी कडांपासून निघून पंख्याभोंवतीं गोल होणारें पत्र्याचें कडें करावें. पात्यांची अर्धी रुंदी कड्यांत व अर्धी बाहेर असावी. पात्याच्या टोंकांत व कड्यांत अर्ध्या ते पाऊण इंचाचें अंतर राखावें, कारण इंजिन आपल्या रबरावर हलतें. पातें व जाळी यांत दोन इंच अंतर पुरतें. रेडिएटरच्या बाजूंच्या फटी जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनीं बंद कराव्या, म्हणजे तापून बाहेर पडलेली हवा फिरून पुढें येणार नाहीं. लोखंडी पत्रा व कांहीं तासांचें काम, एवढाच याचा खर्च. परंतु फायदा बहुधा नव्या रेडिएटराइतका होतो.

पांचवी, समोरची वाट. जाळीपुढें शोभेची पाटी, जाड लोखंडी फळ्या किंवा बारदान लावून हवेचें तोंड बंद करूं नये. आंत येणाऱ्या हवेस मागें बाहेर पडण्यासही मोकळी वाट हवी. बोनेट सर्व बाजूंनीं बंद असेल तर हवा शिरतच नाहीं.

सहावी, होज पाइप. तोंडें इंजिनाच्या तोंडांइतक्याच व्यासाचीं असावीं. वळण एकदम मोडलेलें नसावें. खालची होज पंपाच्या ओढीनें चपटी होते, म्हणून तींत तारेची स्प्रिंग घालावी. क्लिप तारेच्या पिळाच्या न वापरतां स्क्रूच्या वापराव्या.

सातवी, थर्मोस्टॅट. कांहीं मिस्त्री तो "गाडी गरम करतो" म्हणून काढून टाकतात. हें चुकीचें आहे. थर्मोस्टॅट इंजिन योग्य उष्णतेवर आणतो. तो नसल्यास थंडीत इंजिन गार राहून झिजतें व डिझेल अधिक खातें. कित्येक इंजिनांत तो काढल्यावर पाण्याचा कांहीं भाग रेडिएटरकडे न जातां आडवाटेनें परत पंपाकडे जातो, आणि गाडी उलट अधिक तापते. बिघडला असल्यास नवा घालावा.

५. पाणी

बोअरच्या पाण्यांत चुना असतो. घागरीस जसें पांढरें कीट बसतें, तसेंच तें इंजिनाच्या आंत व नळ्यांत बसतें आणि उष्णता अडवून धरतें. म्हणून शुद्ध केलेलें बॅटरीचें पाणी अथवा पहिले पाऊस गेल्यावर स्वच्छ भांड्यांत धरलेलें व गाळलेलें पावसाचें पाणी वापरावें. त्यांत बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणांत कूलंट मिसळावें. तें गंज रोखतें. पाणी तापलें असतां शेंकडा साडेतीन ते चार भाग फुगतें. दहा लिटरांस सुमारे ४०० मिलिलिटर. तें वाहून जाऊं नये म्हणून झांकणाच्या नळीस लिटरभराची बाटली जोडावी. थंड झाल्यावर पाणी आपोआप परत आंत ओढलें जातें.

बहुतेक कूलंटांत एथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीस गोड पण विषारी आहे. काढलेलें पाणी गोठ्याजवळ किंवा डबक्यांत ओतूं नये. जनावर, कुत्रें अगर लहान मूल तें पिण्याचा संभव असतो.

६. परीक्षा व रोगनिदान

गाडी पौषांत तयार झाली तरी ती पास झाली असें वैशाखापर्यंत मानूं नये. भर दुपारीं, पूर्ण ओझें घालून, चढावर पंधरा-वीस मिनिटें चालवावी व वरच्या आणि खालच्या होजच्या रबरावर तपमान मोजावें. साधारणपणें दोहोंत ६ ते १० अंशांचें अंतर असतें. गाडी तापत असून हें अंतर १५ अंशांहून बरेंच अधिक असेल, तर पाणी मंद फिरत आहे. पंप, पट्टा, चोंदलेल्या नळ्या व चपटी होज तपासावी. दोन्हीं होज सारख्याच तापल्या असतील, तर पाणी फिरतें पण हवा कमी पडते. फिन, कडें व पंखा पाहावा. इंजिन चालूं होतांच थंड पाण्यांत सतत बुडबुडे येऊं लागले, तर दोष हेड गॅस्केटचा आहे. रेडिएटर कितीही मोठा घातला तरी उपयोग नाहीं.

मळणीच्या दिवसांत जाळी रोज पाहावी. ती इंजिनाच्या बाजूनें बाहेर, म्हणजे हवेच्या उलट दिशेनें, हलक्या पाण्यानें धुवावी. जोराच्या फवाऱ्यानें फिन दुमडतात.

गाडी तापलीच तर ओझ्याखालीं पुढें रेटूं नये. कांटा वर गेला पण वाफ नसेल, तर सावलींत उभी करून इंजिन मंद चालूं ठेवावें. वाफ निघत असेल तर इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबावें. होज हातास सोसेल इतकी निवाल्याशिवाय झांकणास हात लावूं नये. मग जाड फडकें धरून, तोंड दूर ठेवून, पहिल्या खांचेपर्यंतच फिरवावें व दाब जाऊं द्यावा. पाणी इंजिन चालूं असतां थोडें थोडें घालावें. झांकण व गार पाणी या दोन घाया टाळल्या असत्या, तर शेजाऱ्याचा हात व हेड दोन्ही वांचलीं असतीं.

७. कायद्याची बाब

महसुली दप्तरांत नोकरी केल्यामुळें हें सांगणें आम्हांस कर्तव्य वाटतें. मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ३९ अन्वयें नोंदणीशिवाय मोटार वाहन सार्वजनिक जागीं चालवितां येत नाहीं. आणि कलम ५२ अन्वयें नोंदलेल्या वाहनाचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करतां येत नाहीं. लोकांस जाण्या-येण्याचा हक्क असलेली वाट सार्वजनिक जागा ठरते. त्या न्यायानें पांदणही तींत येते. देवराष्ट्रेची गाडीही वाखाणली गेली, पण ती रस्त्याच्या नियमांत बसत नव्हती. म्हणून जुळविलेली गाडी स्वतःच्या बांधाच्या आंतच ठेवावी आणि रस्त्यावर नेण्याचा विचार असल्यास आधीं गडचिरोलीच्या परिवहन कार्यालयांत चौकशी करावी. नोंदलेल्या जीपचा वा ट्रॅक्टरचा रेडिएटर त्याच मापाचा नवा घालणें हें साध्या दुरुस्तींत मोडतें.

आमच्या शेजाऱ्यानें पुढील वर्षीं हेड बदललें, ट्रॅक्टरचाच रेडिएटर आणला, पत्र्याचें कडें केलें व समोरच्या लोखंडी फळ्या काढल्या. वैशाखांत तोच चढ, तेंच शेणखत. कांटा मध्यावरच राहिला. त्याच्या हातावरील डाग मात्र अजून आहे. गाडी जुळविणाऱ्या बंधूंनीं रेडिएटरची निवड इंजिनाबरोबरच करावी, भंगाराच्या फेरींत शेवटीं नव्हे, इतकीच विनंती करून हा लेख पुरा करतों.